काठी, रीळ आणि ढील

मराठीत गळ आहे, गळाला लागणारे मासे (आणि माणसंही) आहेत, जाळं तर आहेच. रीळ मात्र मूळचं आपलं नाही. रीळ म्हटलं की आपल्याला शिवणयंत्र आठवतं, नाहीतर सिनेमा. बुलढाणा जिल्ह्यातल्या भोई मंडळींचं पोट पिढ्यानपिढ्या जाळ्यावर चाललं. गळ टाकायचाच तर बांबूची काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी, आणि मासा लागला की उचलून काठावर. त्या कामाला रिळाची गरजच नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या भाच्याने नवा सात फुटी रॉड घेतलाय आणि त्याला साजेसं, टिकणारं रीळ कोणतं, हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांत फिरवलाय. मी काही पट्टीचा मासेमार नाही. पण इतिहासाची खोड आहे, तेव्हा धागा धरून मागे मागे गेलो. तिथे जे सापडलं, त्यातच त्याचं बरंचसं उत्तर आहे असं वाटतं.

रिळाचं सगळ्यात जुनं चित्र चीनमधलं. मा युआन या चित्रकाराने सुमारे ११९५ साली काढलेलं. थंडीतलं तळं, छोटी होडी, एकटा माणूस आणि त्याच्या काठीला लावलेलं चाक. इंग्लंडात रिळाचा छापील उल्लेख येतो तो १६५१ साली, टॉमस बार्करच्या पुस्तकात. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज एकविशीत होते तेव्हा.

आता प्रश्न असा, की चाक लावलं कशासाठी? दोरी काठीच्या टोकाला पक्की बांधलेली असली की मोठा मासा एका हिसक्यात ती तोडतो. जादा दोरी जवळ असेल तर त्याला पळू देता येतं, दमला की परत गुंडाळता येतं. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोराला हे वेगळं सांगायला नको. चक्री हातात असते ती खेचण्याइतकीच ढील देण्यासाठी. माझ्या मते रिळाचा सगळा इतिहास हा ढील नीट कशी द्यायची याचा इतिहास आहे.

या इतिहासातली माणसं पाहा. १८२०च्या सुमाराला अमेरिकेत केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडरने दातेरी चाकांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेकदा फिरते. हा गृहस्थ घड्याळजी. पुढे स्वीडनमधल्या ज्या 'आबू' कंपनीची रिळं जगभर गेली, ती आधी टॅक्सीचे मीटर बनवायची. फ्रान्सचं गाजलेलं 'मिचेल' रीळ आलं क्लूझ गावातून, आणि तो सगळा परिसर घड्याळाच्या सुट्या भागांचा.

घड्याळजींच्या रिळात एक अडचण मात्र होती. गळ लांब फेकला की फिरकी गरगर फिरते. गळ पाण्यात पडून थांबला तरी ती फिरतच राहते, आणि मग असा गुंता होतो की सोडवता सोडवता दिवस मावळतो. याला उतारा काढला एका गिरणीवाल्याने. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या सूतगिरण्यांचं शहर. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने गिरणीतल्या बॉबिनवरून धागा कसा सुटतो ते पाहिलं. बॉबिन जागच्या जागी आणि धागा तिच्या टोकावरून सरसर निघतो. तेच त्याने रिळात आणलं आणि १९०५ साली पेटंट घेतलं. आज दुकानात 'स्पिनिंग रीळ' म्हणून मिळतं ते याच वंशातलं.

इथे मला आपलं खामगाव आठवलं. कापसाच्या गाठी लवकर बाहेर पडाव्यात म्हणून जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि १८७० साली लॉर्ड मेयोने तो सुरू केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ साली, मद्रासच्या मुलकी सेवेतल्या एच. एस. टॉमसचं 'द रॉड इन इंडिया' निघालं. साहेब इथे महासीर धरत होते, रीळ तिकडून आणत होते. आपला कापूस विलायतेतल्या बॉबिनींवर चढत होता. इलिंगवर्थची गिरणी लोकरीची, त्यामुळे थेट नातं जोडणार नाही. पण रीळ म्हटल्यावर आपल्याला शिवणयंत्र आठवतं, ते काही फार चुकत नाही.

आता भाच्यासाठी.

आधी रॉडच्या कड्या बघ. पहिली कडी मोठी असेल तर रॉड स्पिनिंग रिळासाठी आहे. दोरी वेटोळी घेत सुटते, तिला जागा लागते. कड्या लहान आणि मुठीपाशी बंदुकीच्या घोड्यासारखा आकडा असेल, तर घड्याळजींच्या घराण्यातलं, वर बसणारं रीळ लागेल.

मग रॉडवर किती ताकदीची दोरी लिहिली आहे ते वाच आणि तेवढी दोरी मावेल असं रीळ घे. सात फुटी मध्यम रॉडला साधारण २५०० किंवा ३००० आकाराचं शोभतं. मात्र हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. दोरी फिरकीच्या काठाच्या दोनेक मिलिमीटर आत राहील इतकीच भर. कमी भरली तर गळ लांब जात नाही, जास्त भरली तर गुंता.

बॉल बेअरिंग किती, या आकड्याला भुलू नकोस. मूठ फिरवून बघ. खडखड नको, दातेरी चाकांत ढिलेपणा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॅग सैल करून दोरी हळूहळू ओढ. अडकून एकदम हिसक्याने सुटली तर ते रीळ ठेवून दे. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. म्हणजे दोरी तुटायच्या बऱ्याच आधी ढील मिळते.

आणि हे सगळं घेऊन जायचं कुठे? लोणारला नको, ते पाणी क्षारयुक्त. बाकी जिल्हा पाण्याच्या बाबतीत गमतीचा आहे. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राला जाते, घाटावरच्या पैनगंगेचं आणि खडकपूर्णेचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशी धरणं आहेत. पण राज्यातल्या जलाशयांत मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तिथे आधी विचारायचं, नुसतं विचारायचं नाही तर परवानगी मिळाल्यावरच गळ टाकायचा. आपला छंद असतो, त्यांची चूल असते. शिवाय कोणत्या महिन्यात मरळ कुठे बसतो हे कुठल्याही रिळाच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते त्यांनाच ठाऊक.

असो. घाटावर आणि घाटाखाली गळाला, दोरीला, माशांना वेगवेगळी नावं ऐकली आहेत. ती झपाट्याने विसरली जाताहेत. घरातल्या थोरामोठ्यांना आठवत असतील तर जरूर कळवा, लिहून ठेवतो.