सनदी लेखापालांच्या निवेदनाचा मागोवा

अंदाजपत्रकाच्या काही महिने आधी दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाकडे सूचनांची बाडे जाऊ लागतात. त्यांत ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’चे, म्हणजे आयसीएआयचे, एक निवेदन असते. कोणते कलम कुठे अडते, त्यापायी करदात्याची काय कोंडी होते आणि शब्द कसे बदलावेत, हे त्यात कलमागणिक मांडलेले असते. हिशेब तपासणाऱ्याने कायद्याचा मसुदाही तपासावा, ही प्रथा आली कुठून, हे पाहायचे तर आपल्याला स्कॉटलंडपर्यंत मागे जावे लागते.

1853 च्या सुमारास लंडनचे व्यापारी स्कॉटलंडचा दिवाळखोरीचा कायदा बदलू पाहत होते. बुडालेल्या पेढ्यांची मालमत्ता सांभाळण्याचे काम तिथे हिशेबनिसांकडे येई. कायदा बदलला तर ते काम हातचे जाईल, या धास्तीने ग्लासगोचे हिशेबनीस एकत्र आले, एडिंबरोचेही संघटित झाले. 1854 मध्ये एडिंबरोच्या मंडळाला राणीची सनद मिळाली, पुढच्या वर्षी ग्लासगोच्या. म्हणजे सनद हाती येण्याआधीच ही मंडळी सरकारी मसुद्यांवर डोळा ठेवून होती. त्या जागरूकतेच्या मुळाशी स्वतःच्या पोटाची काळजी होती, हे आपण पुढच्या प्रवासात विसरता कामा नये.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. इथे आधी कायदा आला आणि त्याने व्यवसाय घडवला. 1913 च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचे केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले, आणि 1918 मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ काढला. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची. आजच्या आर्टिकलशिपचे हे देशी बीज मुंबईच्या मातीतले आहे. 1932 मध्ये ‘इंडियन अकाउंटन्सी बोर्ड’ स्थापन झाले. आज ते कुणाला फारसे आठवत नाही, पण माझ्या मते खरे वळण तिथे आहे. या बोर्डाचे कामच मुळी सरकारला सल्ला देण्याचे होते. मात्र व्यवसायाचे नियम करण्याची सत्ता सरकारकडेच राहिली.

ती सत्ता 1 जुलै 1949 रोजी, राज्यघटना लागू होण्याच्याही आधी, चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने व्यवसायाच्या स्वतःच्या परिषदेकडे, म्हणजे आयसीएआयकडे, आली. मुंबईचे गो. प. कापडिया पहिले अध्यक्ष झाले. त्याच जुलैत मुंबईत ‘बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी’ ही स्वयंसेवी संस्था निघाली. तीही आजवर कायद्यांच्या मसुद्यांवर अभ्यासपूर्ण निवेदने देत आली आहे. पुढे 1961 चा आयकर कायदा आला, 1984 च्या वित्त कायद्याने कलम 44एबी घालून कर-लेखापरीक्षण सक्तीचे केले, आणि कायद्यातली प्रत्येक संदिग्धता थेट सी.ए.च्या टेबलावर येऊन पडू लागली.

आता निवेदने देण्याचे हे काम दोन टप्प्यांत चालते : एक निवेदन अंदाजपत्रकापूर्वी, दुसरे वित्त विधेयक मांडल्यावर, ते संमत होण्याआधी. हा मधला काळ किती मोलाचा असतो, हे 2024 मध्ये दिसले. 23 जुलैच्या विधेयकात घर-जमिनीच्या विक्रीवरील नफ्यासाठी महागाईचा निर्देशांक लावण्याची सवलत काढून कर साडेबारा टक्के केला होता. चहूकडून हरकती आल्या आणि ऑगस्टमध्ये, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तांपुरता, जुन्या पद्धतीने 20 टक्के भरण्याचा पर्याय व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना मिळाला. त्यानंतर 2025 च्या नव्या आयकर विधेयकावरही आयसीएआयने संसदेच्या निवड समितीपुढे आपले म्हणणे मांडले.

ग्लासगोची ती जुनी धास्तीही अधूनमधून वर येते. मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर कारवाईचा अधिकार 2018 मध्ये ‘राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणा’कडे गेला, तेव्हा आयसीएआयने उघड विरोध केला. सत्यम कंपनीतला 2009 चा हिशेबांचा घोटाळा पाहिलेल्या देशात स्वतंत्र पंच हवा होता, आणि इथे संस्थेची भूमिका मला पटत नाही. करदात्याची अडचण मांडताना तिच्या शब्दाला जे वजन असते, ते स्वतःच्या अधिकारांसाठी भांडताना उरत नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती : एखादे कलम तुम्हाला जाचत असेल, तर ते अंदाजपत्रकाची वाट न पाहता आपल्या सी.ए.ला लेखी कळवा, म्हणजे ते पुढच्या निवेदनात जाऊ शकेल.