द्वारावतीपुरवराधीश्वर : यादवांचे गरुडचिन्ह आणि सागरतीरीचे एक नगर

देवगिरीच्या यादवांच्या बिरुदावलीत ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरुद अग्रभागी येते. द्वारावती म्हणजे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील द्वारका. हे नगर यादवांच्या राज्यात कधीही नव्हते. त्यांची सत्ता प्रथम चंद्रादित्यपूर व सेऊणदेश येथे आणि पुढे देवगिरीस केंद्रित झाली. गोदावरीकाठच्या या राजकुलाने सागरतीरीच्या नगराचे स्वामित्व का मिरवावे, हा प्रश्न बीड जिल्ह्यातील शिलालेख व ताम्रपट वाचणाऱ्यास टाळता येत नाही.

हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडातील राजप्रशस्तीत दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे. यादव मूळचे मथुरेचे, नंतर द्वारावतीचे. सुबाहूने आपले राज्य चार पुत्रांत विभागले आणि त्यांपैकी दृढप्रहार दक्षिणेस आला. तथापि ही वंशकथा इतिहास म्हणून स्वीकारण्यात एक अडचण आहे. द्वारसमुद्राचे होयसळही स्वतःस यादवकुलोत्पन्न व द्वारावतीपुरवराधीश्वर म्हणवीत. पाचवा भिल्लम आणि दुसरा वीरबल्लाळ बाराव्या शतकाच्या अखेरीस परस्परांशी लढले, तेव्हा दोन्ही सैन्यांचे स्वामी एकाच नगराचे ‘अधीश्वर’ होते व त्या नगरावर सत्ता दोघांचीही नव्हती! यावरून ‘पुरवराधीश्वर’ हे पद ताब्याचे निदर्शक नसून कुलाच्या उगमाचे आहे, असेच म्हणावे लागते.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. उत्तर कोकणचे शिलाहार प्रत्यक्ष समुद्रकिनाऱ्यावर राज्य करीत होते. परंतु त्यांचे बिरुद ‘तगरपुरवराधीश्वर’ असे होते. तगर म्हणजे बीडलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. किनाऱ्यावरचा राजा पठारावरचे नगर मिरवतो आणि पठारावरचा राजा किनाऱ्यावरचे. गोव्याचे कदंब बनवासीचे नाव सांगत, सौंदत्तीचे रट्ट लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे. जे नगर दूर, तेच बिरुदात येण्यास योग्य, असा जणू संकेतच होता.

चिन्हांच्या बाबतीत ध्वज आणि लांछन यांचा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. लांछन मुद्रेवर असे, ध्वज सैन्यापुढे चाले, आणि दोहोंवरील आकृती एकच असे असे नाही. गोव्याच्या कदंबांचे लांछन सिंह होते, ध्वजावर मात्र वानर होता. रट्टांचा ध्वज सुवर्णगरुडाचा, तर लांछन सिंदूराचे, म्हणजे हत्तीचे. यादवांच्या मुद्रेवर गरुड आहे. तो विष्णूचे वाहन म्हणून, कारण ते स्वतःस ‘विष्णुवंशोद्भव’ म्हणवितात आणि द्वारावती ही कृष्णाची नगरी. शिलाहारांचाही ध्वज सुवर्णगरुडाचाच. पण त्यांचे कुल गरुडापुढे आपला देह ठेवणाऱ्या जीमूतवाहन विद्याधराचे. पक्षी एकच, परंतु एका घराण्यात तो स्वामीचे वाहन आहे आणि दुसऱ्यात पूर्वजाच्या आत्मार्पणाचा साक्षी. केवळ आकृती पाहून चिन्हाचा अर्थ ठरवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

शब्दांचा प्रवासही मनोरंजक आहे. ‘बिरुद’ या शब्दापासून मराठीत ‘ब्रीद’ आले आणि पदवीचा अर्थ प्रतिज्ञेकडे वळला. ‘लांछन’ राजमुद्रेवरून उतरले ते कलंकाच्या अर्थी रूढ झाले. त्याची रिकामी जागा काही अंशी फारसी ‘निशाण’ने भरली, तेथे मूळ अर्थ खूण, मराठीत मात्र ध्वज.

हे अभिमान निव्वळ शाब्दिक होते असे मात्र नव्हे. अंबेजोगाई येथील शके ११६२ (इ. स. १२४०) च्या लेखात सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याची हकीकत आहे. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेच्या परिसरात लढताना मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ अंबेजोगाईस देवालय बांधले. द्वारावतीच्या अधीश्वराचे सैन्य द्वारावतीच्या दिशेने गेले ते इतपतच, आणि त्याचे मोल अंबेजोगाईच्या एका घराने दिले.

याच जिल्ह्यात माजलगावजवळ गोदातीरी पुरुषोत्तमपुरी आहे. तेथील ताम्रपट रामचंद्रदेवाचा, शके १२३२ (इ. स. १३१०) चा, वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्यात प्रधान पुरुषोत्तम यास दिलेल्या अग्रहाराची नोंद आहे आणि राजाच्या पराक्रमांचे सविस्तर वर्णनही. परंतु त्यापूर्वीच, इ. स. १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीने देवगिरीस खंडणी बसविली होती; पुढे मलिक काफूरने रामचंद्रास दिल्लीस नेले आणि तेथून तो ‘राय-रायान’ ही पदवी व छत्र घेऊन परतला. म्हणजे ताम्रपट कोरला गेला तेव्हा या राजाजवळ दोन प्रकारची राजचिन्हे होती : पूर्वजांच्या नावे मिरवलेली, आणि सुलतानाने दिलेली. ताम्रपटाच्या प्रशस्तीत स्थान मिळाले ते पहिल्या प्रकारास.