मापाची जागा : प्राचीन रोममधील जलवाटप आणि पाण्याचा दाब

घरगुती जलमापक दाब कमी करणाऱ्या झडपेच्या आधी बसवावा की नंतर, हा प्रश्न वरकरणी नळ-कारागिराच्या अखत्यारीतला वाटतो. आजचा सर्वसाधारण प्रघात असा की, सार्वजनिक नळातून फुटलेल्या जोडणीवर प्रथम बंद करण्याची तोटी, मग मापक आणि त्यानंतर घराच्या बाजूस दाब उतरविणारी झडप असावी. रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेमका उलटा क्रम रूढ होता. तेथे आधी दाब मोडला जाई आणि मग पाणी मापातून सोडले जाई. हा फरक केवळ साधनांच्या प्रगतीचा नाही. मोजावयाचे काय आणि सार्वजनिक पाणी खाजगी कोठे होते, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात दडलेली आहेत. प्रस्तुत निबंधात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

या विषयाचे मुख्य साधन म्हणजे सेक्स्तुस युलियुस फ्रोन्तिनुस याचा रोमच्या जलपुरवठ्यावरील ग्रंथ. फ्रोन्तिनुस हा पूर्वी ब्रिटनचा प्रांताधिपती होता. इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्व्हा याने त्यास रोमचा जलाधिकारी नेमले. त्या वेळी नगरास नऊ जलवाहिन्यांतून पाणी येत असे. नव्या पदाचा कारभार हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालवावा लागू नये म्हणून त्याने हा ग्रंथ सिद्ध केला. त्याची प्रत १४२९ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी यास मोन्ते कासिनोच्या मठात सापडली, आणि तेथून तो युरोपच्या अभ्यासकांस उपलब्ध झाला.

रोममध्ये खाजगी पाणी सम्राटाच्या अनुज्ञेने मिळे. ती अनुज्ञा व्यक्तीस असे. ती वारसाकडे अथवा मालमत्तेच्या नव्या धन्याकडे आपोआप जात नसे. पाण्याचे एकक 'क्विनारिया' हे होय. सव्वा अंगुळ व्यासाच्या, म्हणजे सुमारे २.३ सेंटिमीटरच्या नळीतून जे पाणी जाईल ते एक क्विनारिया. यावरून स्पष्ट होते की रोमन लोक पाण्याचे आकारमान मोजीत नव्हते. ते छिद्राचे क्षेत्रफळ मोजीत होते. काळाचा अथवा वेगाचा अंक त्यांच्या मापात नव्हता. या मापाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य दोन्ही येथेच आहेत.

मापाचे प्रत्यक्ष साधन म्हणजे 'कालिक्स' ही काशाची नळी. तिची लांबी बारा अंगुळांहून, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटरहून, कमी नसावी असा नियम होता. कासे सहजी वाकत नाही, म्हणून त्याचे तोंड ठोकून रुंद वा अरुंद करता येत नाही, असे कारण फ्रोन्तिनुस देतो. कालिक्स बसवून तिच्यावर मोहोर उमटविली जाई आणि पुढे शिशाचा नळ जोडला जाई. तिची जागा वाटप-कुंडाच्या भिंतीत असे. या कुंडात पाणी उघड्या पृष्ठभागाने उभे राहते. त्यामुळे वाहिनीतील वेग आणि दाब तेथेच मोडतो, आणि कालिक्सवर उरतो तो केवळ कुंडातील पाण्याच्या उंचीचा भार. पाँपेई नगरात चौकाचौकांतून सुमारे सहा मीटर उंचीचे विटांचे स्तंभ आणि त्यांवर शिशाच्या टाक्या होत्या; तेथेही उताराने वाढणारा दाब टप्प्याटप्प्याने तोडण्याचीच युक्ती दिसते. म्हणून ज्यास आपण झडप म्हणतो, तिचे काम रोमन नगरात कुंड करीत होते, आणि माप कुंडाच्या अंगालाच लागून होते. ज्याचे माप छिद्राच्या आकारावर उभे आहे, त्याने दाब आधी आवरला पाहिजे. अन्यथा समान छिद्रांतून असमान पाणी जाणार.

फ्रोन्तिनुसला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. उंचावरून थोड्या अंतराने येणारे पाणी आपल्या मापाहून अधिक भरते आणि सखल ठिकाणाहून लांबून आलेले कमी भरते, असे तो सांगतो. कालिक्स सरळ व समपातळीत बसवावी; प्रवाहाच्या तोंडी कलती बसविली तर ती अधिक ओढते, प्रवाहाच्या दिशेने वळविली तर कमी घेते. एक खाली व दुसरी वर असेल तर खालची जास्त ओढते. तात्पर्य, मापाची सचोटी मापात जितकी, तितकीच त्याच्या जागेत आहे.

लबाडीही याच सांध्यावर होत असे. मोहोर असलेल्या योग्य कालिक्सला लगेच मोठ्या व्यासाचा नळ जोडला की छिद्र कायदेशीर राहूनही पाणी अधिक मिळे. यावर उपाय म्हणून कालिक्सपुढील पन्नास फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा मीटरपर्यंत, तेवढ्याच व्यासाचा नळ असावा असा दंडक होता, इ. स. पू. ११ मधील सिनेटच्या ठरावांतही या पन्नास फुटांच्या मर्यादेचा उल्लेख आहे. काही नळांना तर कालिक्सच नव्हती. ते पाणक्यांच्या मर्जीने रुंद वा अरुंद होत. काही ठिकाणी फरसबंदीखालून चोरट्या जोडण्या गेल्या होत्या. फ्रोन्तिनुसने दप्तर तपासले तेव्हा जमेस १२,७५५ क्विनारिया आणि खर्चास १४,०१८ आढळल्या. आलेल्या पाण्याहून वाटलेले पाणी १,२६३ क्विनारियांनी अधिक! मग त्याने उगमाजवळ स्वतः मोजणी केली, तेव्हा जमेपेक्षा सुमारे दहा हजार क्विनारिया जास्त पाणी येत असल्याचे निघाले. ज्या दप्तरावर नगराची तहान अवलंबून होती, ते दोन्ही टोकांनी चुकीचे होते.

रोमन पद्धतीत जे गृहीत होते पण मोजले जात नव्हते, त्यास गणिताचे रूप येण्यास दीर्घ काळ जावा लागला. प्रवाहाचे प्रमाण म्हणजे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार, हे बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६२८ मध्ये मांडले. छिद्रातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे तोरिचेल्ली याने १६४४ मध्ये दाखविले. पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीने पाण्याचा निचरा वाढतो, हे व्हेंतुरी याने १७९७ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. मोठा नळ जोडणाऱ्या रोमन लबाडीमागील रहस्याचे हे शास्त्रीय रूप म्हणता येईल. विशेष असे की, याच तत्त्वावर १८८७ मध्ये नवा प्रवाहमापक रचणारा अमेरिकन अभियंता क्लेमेन्स हर्शेल यानेच फ्रोन्तिनुसच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध केला.

आधुनिक घरगुती मापक छिद्र मोजीत नाही. त्यातून गेलेल्या पाण्याचे आकारमान तो नोंदवितो. दाब वाढला तर पाणी जलद जाते आणि त्याची नोंदही त्याच मानाने होते. म्हणून मापकाच्या आधी दाब मोडण्याची निकड उरत नाही. मापकाच्या सहनशक्तीपलीकडे दाब असेल तेथे मात्र झडप पुढे घ्यावी लागते. एरवी मापकाची जागा पदार्थविज्ञान ठरवीत नाही, हक्काची सीमा ठरविते. मापकापर्यंतचे पाणी नगराचे आणि त्यापुढचे घराचे. झडप गळू लागली तर ते पाणी घराच्या हिशेबी पडते.

रोममध्ये ही दोन कार्ये, दाब आवरणे आणि हक्काची सीमा आखणे, एकाच भिंतीवर एकाच काशाच्या नळीने करावी लागत. त्यामुळे ती नळी बसविणाऱ्याच्या हाती नगराचा न्याय आला. साधने बदलल्याने ती कार्ये आज वेगळी झाली आहेत. परंतु माप कोठे बसवावे हे ठरविणारा वाटणीही ठरवीत असतो, हा फ्रोन्तिनुसच्या ग्रंथाचा बोध त्यामुळे कमी होत नाही.