अनुराधपुरातील फाहियान

प्राचीन नगरांचा इतिहास लिहिताना राजांच्या वंशावळी हाती लागतात, शिलालेख लागतात, ढासळलेल्या स्तूपांची मापेही घेता येतात. त्या नगरांतून एखादा परका माणूस कसा हिंडला आणि त्याने काय पाहिले, हे मात्र क्वचितच कळते. पाचव्या शतकाच्या आरंभीच्या अनुराधपुराबाबत ते कळते, आणि त्याचे श्रेय फाहियान या चिनी भिक्षूकडे जाते.

इ. स. 399 मध्ये तो चार सोबत्यांसह चांगआनहून निघाला. चीनमधील विनयग्रंथ अपुरे व खंडित होते. भिक्षुसंघाला शिस्त लागावी यासाठी त्यांच्या पूर्ण प्रती आणणे, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु उत्तर भारतात आचार्य विनय मुखानेच शिकवीत. उतरून घ्यावी अशी पोथी सापडेना. अखेर पाटलिपुत्रात महासांघिकांचा विनय मिळाला. त्यासाठी तो तीन वर्षे तेथे राहून संस्कृत शिकला. पुढे ताम्रलिप्तीत दोन वर्षे घालवून चौदा दिवसांच्या समुद्रप्रवासाने तो सिंहलद्वीपास पोचला. वाटेत आणखी काही भिक्षू येऊन मिळाले होते, पण तोवर सोबत्यांपैकी कोणी माघारी फिरले होते, कोणी वाटेतच मृत्यू पावले होते, आणि दाओजेंग मध्यदेशातच कायमचा राहिला होता. फाहियान एकटा उरला होता.

त्याच्या वृत्तान्तातील स्थळे ओळीने मांडली, तर दिवसभराच्या पायपिटीचा मार्ग डोळ्यांसमोर येतो. नगरातील रस्ते सपाट व स्वच्छ. चव्हाट्यांवर धर्मश्रवणासाठी मंडप. पक्षातील अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावास्येस तेथे भिक्षू व गृहस्थ एकत्र बसत. राजाच्या वतीने नगरात पाच-सहा हजार भिक्षूंच्या अन्नाची सोय होती. ज्याला हवे त्याने पात्र घेऊन जावे आणि भरून आणावे. दक्षिणेकडे महाविहार, तेथे तीन हजार भिक्षू. उत्तरेस अभयगिरी, तेथे पाच हजार. बोधिवृक्षाला दिलेल्या टेकूतून वृक्षाचाच अंकुर फुटून मुळे जमिनीत उतरली होती, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

अभयगिरीच्या मंदिरात वीस फुटांहून उंच अशी हिरव्या रत्नपाषाणाची बुद्धमूर्ती होती. तिच्यापुढे एका व्यापाऱ्याने पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा अर्पण केलेला त्याला दिसला. मायदेश सोडून इतकी वर्षे लोटलेली, भेटणारी माणसे परकी, डोंगर-नद्या, झाडे-झुडपे सारीच अनोळखी. आणि आता मागे वळून पाहावे तर आपल्या सावलीवाचून कोणी नाही. तो पंखा पाहताच त्याचे डोळे भरून आले. शेकडो कोसांच्या वाटचालीत स्वतःविषयी फारसे न बोलणारा हा लेखक येथे क्षणभर बोलतो, म्हणूनच त्याच्या इतर नोंदींवरील विश्वास वाढतो.

त्या विश्वासाला विशेष मोल आहे. महाविहार व अभयगिरी यांच्यात दीर्घकाळ स्पर्धा होती. महासेन राजाने महाविहाराची पाडापाड करविली. पुढे बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने संघाचे एकीकरण केले, ते महाविहाराच्या परंपरेखाली. ‘महावंस’ हा ग्रंथ याच परंपरेतला. अभयगिरीचे ग्रंथ बहुतांशी नाहीसे झाले, आणि त्याचा इतिहास प्रतिपक्षाच्या शब्दांत उरला. कोणत्याच पक्षाचा नसलेला फाहियान मात्र दोहोंकडे गेला. दोन्ही ठिकाणचे भिक्षू त्याने मोजले आणि दोहोंविषयी आदराने लिहिले.

लिहून ठेवण्याचा ध्यास त्याला येथेही होता. एका भारतीय भिक्षूकडून बुद्धाच्या भिक्षापात्राची कथा ऐकताच तो ती उतरून घेऊ लागला. तेव्हा हे सूत्र नव्हे, केवळ मुखोद्गत आहे, असे उत्तर मिळाले. तरीही दोन वर्षांच्या मुक्कामात महीशासकांचा विनय, दीर्घागम व संयुक्तागम त्याच्या हाती आले.

परतीच्या वादळात जहाज हलके करण्यासाठी व्यापारी माल समुद्रात टाकू लागले, तेव्हा फाहियानने आपली घागर व इतर वस्तू टाकून दिल्या. ग्रंथ तेवढे जवळ ठेवले. ते आपल्या हातून हिसकावून फेकतील, हीच त्याला धास्ती होती. 412 मध्ये तो चीनच्या किनाऱ्याला लागला. महासांघिक विनयाचे भाषांतर त्याने बुद्धभद्रासह केले. पण सिंहलातून आणलेला महीशासक विनय त्याच्या हयातीत तसाच राहिला. 423 नंतर बुद्धजीवाने त्याचे चिनी रूपांतर केले. संस्कृत मूळ आज संपूर्णपणे उपलब्ध नाही. अनुराधपुरातील पोथ्या ज्या भांडारांत होत्या ती उद्ध्वस्त झाली. त्यांतील एक भाषांतररूपाने वाचली, कारण एक वृद्ध भिक्षू घागर फेकून देऊन ती उराशी धरून बसला होता.