शब्दवेध : लेक्चर, ट्युशन, मास्तर

वऱ्हाडाचा कारभार 1853 मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे बुलढाण्याच्या शाळांत त्यांची भाषा रुळली आणि तिच्यातले काही शब्द घरचेच होऊन बसले. ‘लेक्चर’ हा त्यांतलाच. त्याचे मूळ ‘वाचणे’ या अर्थाच्या ‘लेगेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. छापखाना येण्यापूर्वी युरोपातल्या विद्यापीठांत ग्रंथ दुर्मिळ होते. शिक्षक पोथी वाचून दाखवी, मुले ऐकत, जमेल तसे उतरून घेत. शेगावात ‘गजानन विजय’ ग्रंथाचे सामूहिक पारायण चालते, तेव्हा एक जण एकवीस अध्याय वाचतो आणि बाकीचे ऐकतात. अस्सल ‘लेक्चर’ ते हेच. नुसत्या उपदेशाला ‘लेक्चर झोडणे’ म्हणतात, त्यात मूळ अर्थ पार हरवला आहे.

‘रीड’ची कुळी वेगळी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सल्ला देणे, उलगडणे असा होता. कोड्याला ‘रिडल’ म्हणतात तेही त्याच घरचे. मराठी ‘वाचणे’ मात्र संस्कृत ‘वच्’ म्हणजे बोलणे यावरून आले. इंग्रजाने अक्षर सोडवले, मराठी माणसाने ते बोलते केले.

‘टीच’ म्हणजे मुळात दाखवणे. ‘स्कूल’ ग्रीक भाषेतल्या फुरसतीपासून निघाले, यावर दप्तराने वाकलेल्या पोरांचा विश्वास बसणे कठीण. खामगाव-मलकापुरात पाट्यांवर दिसणारी ‘ट्युशन’ म्हणजे मूळची राखण.

‘मास्तर’ लॅटिन ‘मागिस्तर’वरून इंग्रजीमार्गे आला. तोच शब्द पोर्तुगीजांकडून ‘मेस्त्रे’ होऊन आला आणि गवंडीकाम करणारा ‘मिस्त्री’ झाला. शाळेची भिंत बांधणारा आणि आत शिकवणारा, दोघांचे नाव एकाच मुळाचे आहे.