मरोळचा सण आणि सोयऱ्यांची वाट
साष्टी बेटावरील मराठीभाषक कॅथलिकांना, म्हणजे १८८७ मध्ये स्वतःची असोसिएशन स्थापणाऱ्या ईस्ट इंडियन समाजाला, गावठाणोगावठाणी विखुरलेल्या सोयऱ्यांकडे पूर्वी बैलगाडीने व आता मोटारीने जाण्याचे हक्काचे निमित्त म्हणजे सण, अर्थात चर्चच्या पालक संताचा उत्सव. त्या दिवशी पाहुण्यांपुढे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, येतात. मरोळकरांचे मूळ चर्च १५७९ मध्ये कोंडिविट्याला उभे राहिले, १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात अडकले. तरीही मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी त्या बिनछपराच्या भिंतींत मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, करण्याचा प्रघात समाजाने राखला, ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण नातलगांना एकत्र आणणारे ते ठिकाण केवळ पुरातन अवशेष म्हणून उरले नाही.