कोंडवाड्यात कोंबडी का नाही? मालवणी परड्याचा एक इतिहास

१/
मालवणकडच्या वाड्यांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर एक भांडण ठरलेले असते. एकीने परड्यात मिरचीची रोपे लावलेली असतात; शेजारणीची कोंबडी पिल्लांसह येते आणि घटकाभरात वाफा उकरून जाते. नुकसान कोणी सोसायचे? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाचा माग काढला, तर आपण थेट साडेतीन हजार वर्षे मागे जातो.

२/
आधी कायदा पाहू. १८१२ मध्ये करवीर राज्याशी झालेल्या तहाने मालवण इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा झाला. पिकात शिरून नासधूस करणारे जनावर शेतकऱ्याने पकडावे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे आणि मालकाने दंड भरून ते सोडवावे, अशी ही व्यवस्था.

३/
या कायद्याने ‘गुरे’ कोणाला म्हटले, ते वाचण्यासारखे आहे. गाई-म्हशींखेरीज हत्ती, उंट, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या यांची त्यात नावानिशी नोंद आहे. मालवणच्या लाल मातीत ज्याचे पाऊल क्वचितच उमटले असेल, तो उंटही यादीत आहे. रोज वाफा उकरणारी कोंबडी मात्र नाही!

४/
परिणाम असा की, कोंबडीचा न्याय कुंपणाकडे आला. चिऱ्यांचा गडगा, त्यावर काट्याकुट्यांची वंय; कोवळ्या रोपांवर आडव्या काट्या; दोडकी-पडवळ चोचीच्या आवाक्याबाहेर मांडवावर; संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात. भाजी निघाल्यावर मात्र त्याच कोंबड्यांना रान मोकळे : त्या किडे, वाळवी वेचतात आणि खत टाकून जातात. हा शेजाऱ्यांमधला अलिखित तहच म्हणायचा.

५/
मोकळ्या कोंबडीविषयीची कुरकुर जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांमध्ये ‘ग्रामकुक्कुट’ येतो, तोही गावडुकराच्या पंगतीत. ‘ग्राम’ हे विशेषण बोलके आहे : गावात मोकळा फिरणारा, मिळेल ते टिपणारा पक्षी लोकांच्या नजरेसमोर होता.

६/
आता त्याहून मागे जाऊ. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे मिळाली, काळ इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५०. संशोधकांचे म्हणणे असे की, भात आणि भरडधान्याच्या शेतीने रानकोंबड्यांना माणसाजवळ ओढले. म्हणजे कोंबडी माणसाकडे आली, तीच मुळी शेतात शिरून!

७/
या कथेत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण अनेक पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. हा करडा रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी. सिंधुदुर्गातील घाटांच्या जंगलातही तो आरवतो.

८/
आणि ती मिरची? ती मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात या किनाऱ्याला आली. तिचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना नाही. रानात तिच्या बिया पक्ष्यांनीच पसरवायच्या, ही निसर्गाची योजना. तेव्हा वाफ्याची राखण मिरची स्वतः करील, ही आशा व्यर्थ.

९/
भांडणात एका बाजूला अंड्यांचे चार पैसे असतात, दुसऱ्या बाजूला वर्षभराच्या कालवणाची मिरची. दोन्ही बहुधा घरातल्या बाईच्या कष्टाचे. म्हणूनच हे भांडण खरे असते, आणि म्हणूनच ते मिटवावेही लागते. कारण उद्या विरजण मागायला त्याच दारात जायचे असते.

१०/
मित्रहो, पुढच्या खेपेस कोकणात गेलात, तर किल्ल्यांबरोबर एखाद्या वाफ्यावर टोचलेल्या काट्याही पाहा. कायद्याने जिथे हात टेकले, तिथे शेजाऱ्यांनी घातलेली ती तटबंदी आहे.